सल्ला हवा: गाव, तांडा आणि पोडावरची मुलं एका वर्गात, पण एकमेकांत मिसळत नाहीत

काळीमाती:
यवतमाळ जिल्हा, द्विशिक्षकी जि.प. शाळा, पहिली ते चौथी, पट 27. गावातली, बंजारा तांड्यावरची आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची) मुलं तीन घोळक्यांत बसतात. पोडावरची तर तोंडच उघडत नाहीत. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचे निरोप कोणी वाचत नाही. आता पिकाची सोंगणी, मग कापसाची वेचणी. सुरुवात कुठून करावी?

तिफन:
परिपाठानंतर रोज 10 मिनिटं गोल करून बसवा. सगळ्यांचा एकच गोल नको: प्रत्येकी 20 सेकंद धरले तरी 27 जणांना 9 मिनिटं लागतात, तोवर शेवटची मुलं चुळबुळायला लागतात. दोन गोल, दोन शिक्षक, चारही वर्ग मिसळून. पोडावरच्या मुलाशेजारी त्याच्या भाषेतलं एक तरी मूल हवं, नाहीतर ते एकटं पडतं.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल हातोहात फिरवा. बैल ज्याच्या हातात, तोच बोलणार. नुसतं "पुढे" म्हणून बैल सरकवायची मुभा पहिल्या दिवसापासून द्या, आणि दोन आठवडे कोणी "पुढे"च म्हणालं तरी टोकू नका.

प्रश्न "येताना वाटेत काय दिसलं?" असे ठेवा. "दिवाळीला काय घेतलं?", "बाबा काय करतात?" हे नकोतच. आपल्या भागात किती घरांत वडील नाहीत, हे सांगायला नको.

उत्तर कोलामीत, गोरमाटीत (बंजारा बोलीत), वऱ्हाडीत, कसंही येऊ द्या. मधेच "असं नाही, असं म्हण" केलं की मूल पुन्हा गप्प होतं. दुरुस्तीला भाषेचा तास आहे.

पांदण:
सोबत कामाच्या जोड्या लावा. तीन डब्यांत तीन वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाका आणि दर सोमवारी दोन वेगळ्या डब्यांतून एकेक काढा. पाणी, फळा, पुस्तकपेटी, आहाराची ताटं मोजणं. झाडू मुलींकडेच जात नाही ना, हे बघा. आणि काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका.

काळीमाती:
हे जमेल. पालकांचं काय?

बोरीबाभूळ:
मॅडम, लिहिलेला निरोप बंद करा. 30-40 सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा, रात्री आठनंतर, एका निरोपात एकच गोष्ट. तांड्यासाठी तो गोरमाटीत, तिथल्याच एखाद्या पालकाच्या आवाजात. पहिले काही निरोप मुलाच्या कौतुकाचेच असू द्या. शाळेचा फोन म्हणजे तक्रार असं डोक्यात बसलं, की कोणी ऐकतच नाही.

फोन नसलेल्या घरी रंगीत कार्ड: पिवळं म्हणजे सभा, हिरवं म्हणजे कागदपत्रं. रंग वर्षभर बदलायचे नाहीत.

सभा शाळेत दुपारी लावली तर रोजी बुडवून कोण येईल? संध्याकाळी सातला वस्तीवरच घ्या, अर्ध्या तासात संपवा, बाजाराचा दिवस टाळा. गुण चारचौघांत वाचू नका. व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. पोड-तांड्यावरच्या बाया त्यात खरंच आहेत का, तपासा. वस्तीवर निरोप पोचवायला त्याच उपयोगी पडतात.

तिफन:
वेचणीच्या दिवसांत मूल आलं नाही, तर "का नाही पाठवलं?" असं विचारू नका, "कधीपर्यंत वेचा आहे?" असं विचारा. बरेचदा घरी सांभाळायला कोणी नसतं म्हणून ते आईसोबत शेतात जातं. त्याच वस्तीवरचं दुसरं मूल शाळेत येत असेल तर वही त्याच्याकडे द्या. रोज एकच पान, घरी कोणाच्या मदतीशिवाय होईल असं. परत आल्यावर पहिल्याच दिवशी गोलात बैल आधी त्याच्या हाती द्या, आणि राहिलेल्या अभ्यासाचं दुसऱ्या दिवशी काढा.