'जागा धरणे' आणि 'जागा अडवणे' एकच का?

काल सकाळी विरार लोकलच्या लेडीज डब्यात एका काकूंनी शेजारच्या सीटवर ओढणी पसरली, म्हणाल्या मैत्रिणीसाठी जागा धरलीय, ती नालासोपाऱ्याला चढेल. समोर उभी असलेली मुलगी लगेच, "धरली नाही काकू, अडवलीय!" तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीयेत. मला वाटतं गोष्ट एकच, स्वतःसाठी बोलताना धरणे आणि दुसऱ्याला नावं ठेवताना अडवणे. बरोबर आहे का?

– – –

ताई, तेवढंच नाहीये. धरणे हा संस्कृत धृ वरून आलाय, त्यात सांभाळायचा भाव आहे, आपण छत्री धरतो, लहान मुलाचा हात धरतो. अडवणे म्हणजे कुणाच्या तरी आड येणं, पाणी अडवतात, रस्ता अडवतात, म्हणजे पलीकडून कुणीतरी येतंय हे त्या शब्दातच आलं. त्यामुळे गाडी रिकामी आहे तोवर जागा धरलेली असते आणि पहिला माणूस उभा राहिला की तीच जागा अडवलेली होते, मग ओढणी कुणाचीही असो. 'माझ्यासाठी जागा अडवून ठेव' असंही लोक म्हणतात, पण ते घरच्यांशी बोलताना, उभ्या असलेल्या माणसासमोर कुणी म्हणणार नाही.

पकडणे वेगळं. 'विंडो पकडली' म्हणजे स्वतः धावत जाऊन स्वतःसाठी मिळवली. आणि रुमाल आपण 'ठेवत' नाही, 'टाकतो', कारण परळ नाहीतर मुंबई सेंट्रलच्या एसटी स्टँडवर तो खिडकीतून आत टाकायचा असतो, माणूस अजून खालीच असतो. रुमाल फारसी, रू म्हणजे चेहरा आणि माल म्हणजे पुसणारा, आणि जागा हा शब्दही फारसीतूनच आलाय, 'टाकणे' तेवढं आपलं.

– – –

लेडीज डब्यातला खरा शब्द राहिलाच की, 'सांगणे'! उभी असलेली बसलेलीला विचारते, "कुठे उतरणार?" "अंधेरी." "कुणाला सांगितलीय का?" "हो, त्या हिरव्या ड्रेसवाल्यांना." झालं, मग त्या हिरव्या ड्रेसवालीला विचारायचं की तुमच्यानंतर मी. कापड नाही, पिशवी नाही, नुसत्या शब्दावर जागा ठरते आणि मी १८ वर्षं या लाइनवर आहे, ते मोडलेलं फार क्वचित बघितलंय. ३ जणींच्या सीटवर चौथीला टेकायला देतात तेही मागून, "जरा सरकता का" म्हणून. मला विचाराल तर यालाच रीत म्हणावं, कारण जागा मागणारी तिथे समोर उभी असते, दमलेली असते, तिला बघून आपण हो म्हणतो. जी अजून प्लॅटफॉर्मवरही आलेली नाही तिच्यासाठी समोरचीला उभं ठेवणं मला पटत नाही. नालासोपाऱ्याच्या बायका उलट विरारला, गाडी सुटते तिथे, जाऊन बसून येतात त्यांच्याबद्दल कितीही बोला, पण विरारपर्यंतचा पास काढून त्या स्वतः येतात.

– – –

हे पटलं, 'पहिला माणूस उभा राहिला की' हे तर फारच. काल विरार सुटायच्या आधीच तिथे तिघी उभ्या होत्या. काकूंची मैत्रीण नालासोपाऱ्याला चढली खरी, पण गर्दीतून आत पोचेपर्यंत भाईंदर आलं, आणि तोवर ओढणी तिथेच होती.