लूट, डल्ला की रडीचा डाव?

निशाचर५: परवा जेवताना पुतण्या फोनवर मित्राला सांगत होता, "अरे, ते लूट एक्स्प्लॉइट पॅच झालं, आता फार्म करण्यात अर्थ नाही." आईने वाढता वाढता विचारलं, "कुणाला लुटलं रे?" त्याला सांगता येईना, आणि मलाही. गेमच्या बक्षीस देण्याच्या पद्धतीत राहिलेली चूक हेरून माल ओरबाडायचा, याला मराठीत काय म्हणाल? 'लुटीचा गैरफायदा' म्हटलं की दरोड्याची बातमी वाटते.

कोशकिडा: आधी 'लूट' बघू. हा शब्द इंग्रजीने हिंदीतून उचलला, अठराव्या शतकात. मुळाशी संस्कृत लुण्ट्, लुण्ठ्. आता गेममधून तो माहेरी आलाय, पण वाटेत त्यातला गुन्हा गळून पडला. राक्षस मेला की जे पडतं ती लूट, आणि ती घेणं खेळाडूचा हक्क. आपल्याला हे नवं नाही. दसऱ्याला आपण सोनं लुटतो, बोरन्हाणात पोरं बोरं-चुरमुरे लुटतात. संक्रांतीला तर बायका वाण 'लुटतात' म्हणजे चक्क वाटतात! तेव्हा 'लूट' तशीच राहू द्या, दोष दाखवायला दुसरा शब्द शोधा.

खवट: डल्ला मारणे.

राखीवबाण: डल्ल्यात कुणाचं तरी गेलेलं असतं. 'डेस्टिनी' या गोळीबाराच्या गेममधली गुहा आठवा, सप्टेंबर २०१४. रशियातल्या कॉस्मोड्रोमच्या नकाशात एका गुहेतून शत्रू बाहेर यायचे. खेळाडू ठरावीक अंतरावर राहिले की मेलेल्यांच्या जागी लगेच नवी फौज. मग काय, पाच-सहा अनोळखी माणसं समोर उभी राहून गुहेच्या तोंडावर नुसत्या गोळ्या झाडतायत. मधेच कुणीतरी आत धावायचं, बाकीचे मागोमाग, जमिनीवर चमकणारे एनग्राम (आत वस्तू दडलेली बक्षिसं) वेचायचे, परत जागेवर. मीही तासन्‌तास उभा होतो, बोट दुखेपर्यंत. आणि जांभळा, म्हणजे भारी प्रतीचा एनग्राम घेऊन राहूलकडे जावं (हा आपला राहुल नव्हे, एनग्राम उलगडणारं निळ्या कातडीचं पात्र) तर तो त्यातून निळी, हलक्या प्रतीची वस्तू काढून हातावर ठेवायचा. गेम बनवणाऱ्या बंगी कंपनीने महिन्याभरातच गुहा बंद केली. यात चोरी कुठली? नळ उघडा राहिला, लोकांनी हंडे लावले.

खवट: बरं, मग रडीचा डाव.

कोशकिडा: नाही. आउट होऊनही 'नाही झालो' म्हणणारा रडीचा. इथे नियम कुणी नाकारत नाही, नियमालाच भोक आहे. 'पळवाट'ही नको, ती निसटायला असते. हे आत शिरतायत. 'चोरवाट' जवळची. किंवा साधं 'फट': 'फटीतली लूट', 'फट बुजवली'.

निशाचर५: 'फट बुजवली' हे पॅचला, म्हणजे चूक दुरुस्त करण्याला, फारच छान!

मावळतीकर: गुहावाल्यांना शिक्षा झाली नाही, पण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये झाली. नोव्हेंबर २०११ च्या अखेरीस ड्रॅगन सोल ही नवी मोहीम आली तेव्हा काही नामवंत गिल्डांनी (खेळाडूंच्या संघांनी) रेड फाइंडर या गट आपोआप जुळवणाऱ्या सोयीतल्या चुकीतून जादा लूट पदरात पाडली. गेमची कंपनी ब्लिझार्डने आठ दिवस खाती बंद ठेवली आणि मालही काढून घेतला. यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: लूट सरकारजमा! शिवकाळात मोहिमेवरून परतलेल्या फौजेची झडती व्हायची, सापडेल ते सरकारात.

निशाचर५: आणि 'फार्म करणे', म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करून माल गोळा करणे? पीक काढणे?

बांधावरचा: एका जागी उभं राहून गोळ्या झाडण्याला शेती म्हणू नका राव, इकडे कंबर मोडते. खाली पडलेलं वेचायचं तर त्याला 'सरवा वेचणे' म्हणतात. कापणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं गोरगरीब वेचतात, तो सरवा. फक्त सरव्याला मालकाची ना नसते. तुमच्या गुहेतल्या मालकाची होती की नव्हती, ते आधी ठरवा.