मदत हवी आहे : 'न्यूमिनस' या शब्दाचा अर्थ आणि मूळ

नमस्कार मंडळी. धर्मचिंतनावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि 'न्यूमिनस' (numinous) या इंग्रजी शब्दापाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी मदत करावी.

हाती लागलेलं आधी सांगतो. मूळ लॅटिन 'नूमेन', म्हणजे मान हलवून दिलेली संमती; त्यावरून देवाची इच्छा, दैवी सत्ता. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून आहे, पण त्याला आजचं वजन आलं ते रुडॉल्फ ओटो या जर्मन धर्मचिंतकाच्या १९१७ सालच्या ग्रंथामुळे. 'न्यूमिनस' म्हणजे दैवी सत्तेच्या सान्निध्याचा अनुभव, आणि त्याच्या मते या अनुभवात थरकाप आणि ओढ एकाच वेळी असतात. उदाहरणांत त्याने गीतेचा अकरावा अध्याय घेतला आहे, आणि ते मला फार नेमकं वाटतं : विश्वरूप पाहून अर्जुन हर्षित होतो आणि त्याच क्षणी भयाने व्याकूळही होतो. (जर्मन तत्त्वज्ञ कांटचा 'नूमेनॉन', म्हणजे इंद्रियांना न कळणारी मूळ वस्तू, हा शब्द वेगळा, तो ग्रीक. दोन्हींची गल्लत सर्रास होते.)

आता अडचण. 'दिव्य' फारच गुळगुळीत झालाय. 'विस्मय'मध्ये भीती नाही, 'दरारा'मध्ये ओढ नाही. 'भारावून जाणं' तर सत्कार समारंभातही होतं! 'भयविस्मय' असा जोडशब्द करावासा वाटतो, पण त्यातून पावित्र्य निसटतं.

संतवाङ्मयात किंवा बोलीत या दोन्ही छटा पेलणारा शब्द कुणाला आठवतो का? आणि ओटोच्या आधी इंग्रजीत हा शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने वापरला जाई, याचं एखादं उदाहरण मिळालं तर फारच उपकार होतील.