मुंबईतही पायी जगता येतं

मुंबईत घरं विकणाऱ्याला पायी फिरायच्या छोट्या गावाची मजा कुठून मिळणार, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, मी याच धंद्यात आहे आणि मला ती दादर-माटुंग्यात रोज मिळते. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली शहर सुधारण्यासाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं आखलेला हा भाग. डोक्यावर झाडांची सावली. बाजार, शाळा, स्टेशन हाकेच्या अंतरावर. म्हणून गिऱ्हाइकाला मी स्टेशनपासून चालतच नेतो. परवा एक आजी वाटेत मेथीची जुडी निवडायला थांबल्या, भाजीवालीशी गप्पा रंगल्या, आणि तिथेच त्यांचं घर ठरलं! कार्पेट एरिया (घरातली वापरायची जागा) महारेराच्या, म्हणजे घरबांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर सापडतो, शेजार नाही सापडत. सुट्टीत मात्र माथेरान गाठा. तिथे खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जातच नाहीत.