विषय: मुलांची ग्रंथपेटी – पुस्तकं वयानुसार लावायची का?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून मुलांच्या मराठी पुस्तकांची पेटी इथे अमेरिकेत आपल्या आठ घरांत फिरवायची आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या धर्तीवरच. सध्या पंचवीस पुस्तकं जमली आहेत. ४ ते ६, ७ ते ९ आणि १० ते १३ असे वयाचे गट करायचा विचार आहे. तेवढी पुस्तकं पुरतील का? आणि दूरच्या दोन घरांना पोस्टाने पाठवली तर चालेल?
– अनघा

---

अनघाताई,

वयाचे गट भारतातल्या शाळेत ठीक आहेत, आपल्याकडे ते फसतात. इथलं दहा वर्षांचं मूल इंग्रजीत जाड कादंबऱ्या वाचतं आणि देवनागरीत अजून जोडाक्षरांपाशी असतं. वयाचं पुस्तक दिलं तर अक्षरं अडवतात. अक्षरांना सोपं दिलं तर त्यात ससे आणि बाहुल्या निघतात, आणि ते पुस्तक न उघडता परत येतं. म्हणून वय आणि लिपी वेगळी नोंदवा. वय मागच्या कव्हरवर लिहा आणि लिपीसाठी रंगीत ठिपका लावा. हिरवा म्हणजे पानावर एक-दोन ओळी, जोडाक्षरं नावापुरती. पिवळा म्हणजे छोटी वाक्यं, नेहमीची जोडाक्षरं. लाल म्हणजे सलग परिच्छेद. बारीक पुस्तकांना कणाच नसतो, त्यामुळे ठिपका मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हवा.

मोठ्या मुलांसाठी हिरव्या-पिवळ्यात कीटक, किल्ले, रेल्वे, पाककृती, विज्ञानाचे प्रयोग असली पुस्तकं शोधा. चित्राखालची ओळ छोटी असते, पण विषय पोरकट नसतो. आपल्या पेटीत सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

मुलाचा रंग ठरवताना मधलं एखादं पान मोठ्याने वाचू द्या आणि दोन प्रकारचं अडणं वेगळं मोजा. ‘उत्स्फूर्त’ वाचताना जीभ अडली तर अडचण लिपीची. ‘माजघर’ घडाघडा वाचलं पण अर्थ लागला नाही, तर अडचण शब्दाची. लिपी एका पानात चार-पाचदा अडली तर एक रंग खाली या. शब्द अडत असतील तर पुस्तक बदलू नका, आईबाबांनी शेजारी बसून वाचावं. ही गल्लत झाली की मूल वर्षभर हिरव्यातच अडकतं.

आठ घरांना पंचवीस पुस्तकं कमी पडतील. सात घरांनी दोन-दोन नेली की आठव्यापुढे अकरा उरतात, आणि तीही बाकीच्यांनी नाकारलेली. चाळीस करा: बारा हिरवी, सोळा पिवळी, आठ लाल आणि चार फक्त मोठ्यांनी वाचून दाखवायची.
– मेधा

---

मेधाताईंच्या रंगांना माझं पूर्ण अनुमोदन. चाळीसचा आकडा गाठायला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरून गोष्टी छापून घेता येतील. मराठी गोष्टी भरपूर आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि परवाना खुला आहे. लेखक-चित्रकारांच्या श्रेयाचं पान मात्र छापायलाच हवं, परवान्याची अटच ती आहे.

छपाईत एक गोष्ट हमखास बिघडते. फाइल ए-फोर मापाची असेल तर ती २९७ मिलिमीटर लांब असते, आपला लेटर कागद २७९. प्रिंटरवर ‘फिट टू पेज’ निवडलं नाही तर कडेचा मजकूर कापला जातो. पुस्तिका करायची तर पानांची संख्या चारच्या पटीत आणा, कमी पडतील तिथे कोरी पानं घाला.

बारीक चित्रपुस्तकांना मधोमध दोन पिना असतात. त्या गंजतात, मग मधलं पान पिनेपाशी फाटतं आणि सुटतं. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डिंक पानांना चिकटतो. पिना काढा, घडीवर तीन भोकं पाडा आणि जाड सुती दोऱ्याने शिवा. मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर आणि गाठ. दहा मिनिटांचं काम आहे.

पोस्टाचं म्हणाल तर पुस्तकांना इथल्या टपालखात्याची ‘मीडिया मेल’ सेवा स्वस्त पडते. त्यात जाहिराती असलेले अंक चालत नाहीत, म्हणजे दिवाळी अंक बाद. पोस्टाला पाकीट उघडून तपासायचा अधिकार असतो, आत खाऊबिऊ सापडला तर जादा टपालखर्च भरावा लागतो. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक त्या घरांना ऑनलाइनच वाचता येतील.
– श्रीनिवास

---

दोघांचेही आभार. रंग पक्के, आकडा चाळीस. प्रत्येक पुस्तकात ‘सारांश लिहा’ अशी चिठ्ठी ठेवू का?
– अनघा

---

सारांश नको, अनघाताई! मराठीत पाच ओळी लिहायच्या धास्तीने मुलं पुस्तक नेतच नाहीत. चिठ्ठीवर एकच प्रश्न ठेवा: ‘हे पुस्तक पुढे कोणाला द्यावंसं वाटतं?’ उत्तरात फक्त नाव, हवं तर एक चित्र. पुढच्या भेटीत ज्याचं नाव असेल त्याच्या हातात त्या मुलानेच पुस्तक द्यायचं, मोठ्यांनी नाही. मैत्रिणीने निवडून दिलेलं पुस्तक घरी जाऊन उघडलं जातं. एकाच मुलाच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या आल्या तर आधीची धरा, दुसरी नोंदवहीत ठेवा. आणि हरवलेल्या पुस्तकाला दंड लावू नका. दंड भरायला लागलेलं घर पुढच्या वेळी पुस्तक नेताना कचरतं. त्याऐवजी त्याच रंगाचं दुसरं पुस्तक द्यावं, नवं असो की जुनं.
– मेधा