पावसाळ्यातही विजेचे बिल उतरत नाही. शोध कुठून सुरू करावा?

प्रश्न (फोंडा)
आमचे घर जुने, मंगळुरी कौलांचे असून मागील बाजूस स्लॅबच्या दोन खोल्या नंतर वाढवल्या आहेत. मे महिन्यात एसीमुळे बिल फुगते, हे समजण्यासारखे आहे. परंतु पाऊस स्थिरावल्यावर एसी जवळजवळ बंद असूनही गणेश चवथीपर्यंत युनिट फारसे उतरत नाहीत. दिवे सगळे एलईडी आहेत. नवा पंचतारांकित फ्रिज घ्यावा, असा मुलांचा आग्रह आहे. मात्र आठ वर्षांचा, नीट चालणारा फ्रिज काढून टाकणे माझ्या मनाला पटत नाही. आधी कशाकडे पाहावे?

उत्तर (डिचोली)
फ्रिज तूर्त राहू द्यावा. पावसात आपल्याकडे सोप्यावर (ओसरीवर) दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात आणि त्यांच्यासाठी पंखे दिवसरात्र फिरत असतात, हा खर्च कोणी धरतच नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. असे तीन पंखे रोज १६ तास चालले तर ३.६ युनिट, म्हणजे महिन्याला १०८ युनिट होतात. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रशविरहित मोटरच्या) पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात, त्यामुळे तोच आकडा ४३ च्या आसपास येतो. शिवाय जुन्या, डब्यासारख्या रेग्युलेटरने वेग कमी केला तरी वाचलेल्या विजेचा बराच भाग रेग्युलेटरच तापवण्यात जातो. सगळे पंखे एकदम बदलू नयेत. कपड्यांवरचे आधी बदलावेत.

उत्तर (पेडणे)
गिझरही पाहावा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट लागते. एका माणसाच्या बादलीभर कोमट पाण्याला त्याच्या निम्मेही लागत नाही. उरलेले पाणी टाकीतच निवते आणि स्विच चालू राहिला असेल तर पुन्हा तापते. म्हणून घरातल्यांनी लागोपाठ स्नाने उरकावीत, हा उपाय फुकटचा आहे. (आमच्या न्हाणीत अजून चुलीवर पाणी तापवायचे भाण आहे, पण पावसात सुकी चुडते, म्हणजे माडाच्या झावळ्या, मिळतील तर ना!)

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, रात्री सगळी उपकरणे बंद करून, फ्रिजचा प्लगही थोडा वेळ काढून, मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. मीटरवर ‘३२०० इंप’ असे छापले असेल तर ३२०० लुकलुकींचे एक युनिट होते. सर्व बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल, तर घरात काहीतरी गुपचूप वीज खात आहे, असे समजावे.

प्रश्नकर्ता (आठवड्यानंतर)
मोजले. मिनिटाला चार वेळा, म्हणजे ताशी २४०. हिशेब केला तर ७५ वॅट. एकेक प्लग काढत गेलो आणि इन्व्हर्टरचा काढताच लुकलुक थांबली. वीज जाऊन आली नसतानाही बॅटरी गरम लागत होती. झाकणे उघडली तेव्हा आतील पाणी प्लेटांच्या खाली गेलेले दिसले. महिन्याचे ५४ युनिट तिथेच जात होते! सोप्यावरचे दोन पंखेही बदलत आहे. छतावर सौर पॅनेल बसवण्याविषयी कोणी अनुभव सांगेल का?

उत्तर (डिचोली)
पाणी इतके उतरलेली बॅटरी जाणकाराला दाखवूनच पुढे वापरावी आणि यापुढे तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे नव्हे. सौर पॅनेलसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. मात्र तुमच्या स्लॅबवर माडांची सावली किती वेळ पडते, ते आधी पाहून कळवावे. नारळ थेट पॅनेलवर पडेल असा माड असल्यास तेही सांगावे.