ब्रेकीचा नवा सोर्स मागवायचाय, जुना परत पाठवायचाय. परवानगीची सुरुवात कुठून करू?

परचेसवाला_मराठवाडा:
नमस्कार. आमचं ट्रस्टचं छोटं कॅन्सर हॉस्पिटल आहे. मी परचेस बघतो, रेडिएशनमधलं काही कळत नाही. ब्रेकीथेरपीच्या (शरीराच्या आतून रेडिएशन द्यायच्या) मशीनमधला इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी सोर्स बसवून साडेतीन महिने झाले. आधीचे फिजिसिस्ट सर नोकरी सोडून गेले, नवीन मॅडम १ तारखेला रुजू झाल्या. कंपनीचा एजंट म्हणतो, "आयात परवानगी तुमच्या संस्थेच्या नावावर लागते, ती आली की सोर्स पाठवतो." जुना सोर्स परत पाठवायला वेगळी परवानगी लागते, असंही तो म्हणाला. यात आधी काय करायचं? ओपीडीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या नऊ बायका ब्रेकीसाठी थांबल्यात, म्हणून घाई आहे.

फिजिक्सताई:
नमस्कार दादा. चौदा वर्षं हेच काम करतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. मॅडमकडे आरएसओचं प्रमाणपत्र असेल, जुन्या हॉस्पिटलात त्या आरएसओ असतीलही, पण एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) ती मान्यता संस्थेपुरतीच असते. तुमच्याकडे त्यांचं नामांकन ईलोरावर (एईआरबीच्या ऑनलाइन पोर्टलवर) नव्याने करावं लागेल. ती मान्यता येईपर्यंत सोर्सचा अर्ज करून उपयोग नाही. ईलोराचं लॉगिन जुन्या सरांकडे राहिलं असेल तर ते आजच मागून घ्या. ते संस्थेचं असतं, फिजिसिस्टचं नव्हे, आणि जबाबदारी लायसेन्सीची, म्हणजे तुमच्या ट्रस्टची.

मग परवानग्या. नवा सोर्स आणण्याची आणि जुना मूळ कंपनीकडे परत पाठवण्याची, अशा दोन. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की या दोन्हींची तयारी एकदमच करा. बहुतेक ठिकाणी नव्याच्या मागे सगळे धावतात आणि जुना कंटेनरात घालून खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात. मग तो तिथेच राहतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झालं ते आठवा. विद्यापीठात वर्षानुवर्षं बंद पडलेलं गॅमा सेल (संशोधनासाठी किरणोत्सार देणारं यंत्र) लिलावात भंगारवाल्याकडे गेलं, आतला कोबाल्ट-६० लोकांच्या हातात आला आणि एक माणूस जिवानिशी गेला. तुमच्या कंपनीने सोर्स परत घेण्याची लेखी हमी दिलेली असेल. ते पत्र फाइलमध्ये शोधा, दोन्ही अर्जांना उपयोगी पडेल.

आता घाईबद्दल. इरिडियमचा अर्धायुकाल ७४ दिवस, म्हणजे तेवढ्या दिवसांत त्याची ताकद निम्मी होते. सोर्स ३७० गिगाबेक्वेरेलचा (म्हणजे १० क्युरीचा) आला असेल तर आज तो १४० च्या आसपास उरलाय. पहिल्या आठवड्यात जी ट्रीटमेंट सहा मिनिटांत व्हायची, तिला आता सोळा मिनिटं लागतात. ॲप्लिकेटर (सोर्स शरीरात नेणारी नळी) आत आहे, पाय वर बांधलेत, हलायचं नाही. त्या सोळा मिनिटांत मी कॅमेऱ्यावर बाईचा चेहरा बघत असते. म्हणून मी सोर्स बसवला त्याच दिवशी पुढच्या अर्जाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, अडीच महिन्यांनंतरची. तुमची ती वेळ टळून गेलीय, तेव्हा या आठवड्यात हात घाला.

आणि एक चूक माझ्याकडून झालेली, ती तुमच्याकडून होऊ नये. एका हॉस्पिटलात असताना परवानगीवर नुसतं "हॉस्पिटल" होतं आणि इनव्हॉइसवर "हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर". मी वाचलं होतं, पण लक्षातच आलं नाही. कंटेनर विमानतळाच्या गोदामात अकरा दिवस पडून राहिला. अकरा दिवसांत दहा टक्के सोर्स संपला, एकाही पेशंटला न लागता. ते अजून मनाला लागून आहे.

सहार_कार्गो:
ताईंचं नावाबद्दलचं म्हणणं अगदी खरं. मी कस्टम्स ब्रोकरकडे कामाला आहे. परवानगी, इनव्हॉइस, एअरवे बिल (विमानाने येणाऱ्या मालाचा कागद) आणि आयईसी (आयात-निर्यात कोड) या चारही ठिकाणी नाव-पत्ता अक्षरशः सारखा हवा. सोर्सच्या मॉडेलचं नावही तसंच. कस्टम्सच्या यादीत सोर्स २८४४ क्रमांकात येतो, एक्स-रे मशीन असती तर ९०२२. ड्राफ्ट कागद विमान सुटायच्या आधी ब्रोकरला मेल करा, नंतर दुरुस्ती फार जड जाते. क्लास ७ चा, म्हणजे किरणोत्सारी माल असल्यामुळे एअरलाइनही आधी बुकिंग पक्कं करून घेते. शुक्रवारी पोहोचेल असं बुकिंग घेऊ नका, शनिवार-रविवार उगाच जातात.

परचेसवाला_मराठवाडा:
ताई, दादा, खूप आभार. आत्ताच फाइल काढली. लायसन्सवर ट्रस्टचं पूर्ण नाव आहे आणि एजंटच्या प्रोफॉर्मावर (आगाऊ इनव्हॉइसवर) नुसतं हॉस्पिटलचं! नवीन प्रोफॉर्मा मागवलाय. लॉगिन सरांनी फोनवर लगेच दिलं. मॅडम आरएसओचा अर्ज उद्या भरतायत. परत घेण्याची हमी २०१९ च्या करारात सापडली. कंटेनर आल्यावर परचेसने काय करायचं?

फिजिक्सताई:
परचेसने सही करून तो ताब्यात घ्यायचा नाही, मॅडमना बोलवायचं. त्या आधी सील आणि कंटेनरचा नंबर बघतील, मग सर्व्हे मीटरने पृष्ठभागावर आणि एक मीटरवर रीडिंग घेतील. पिवळ्या लेबलवर टीआय (ट्रान्सपोर्ट इंडेक्स, एक मीटरवरच्या रेडिएशनचा आकडा) लिहिलेला असतो. तो ०.८ असेल तर एक मीटरवर तासाला ८ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास यायला हवं. त्याआधी मीटरचं कॅलिब्रेशन चालू आहे ना ते आत्ताच बघा, आयत्या वेळी संपलेलं निघतं. सोर्स मिळाल्याचं ईलोरावर कळवायचं, बसवल्यावर वेल चेंबरने (सोर्सची ताकद मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून प्रमाणपत्राशी ताडायचं. ते सगळं मॅडमना ठाऊक असेल.

तुमच्याकडे एक काम ठेवा. जुना सोर्स आत असलेला, पण रिकामा वाटणारा तो कंटेनर परत जाईपर्यंत त्याची पावती टेबलावर डोळ्यांसमोर ठेवा, फाइलला लावू नका. आणि त्या नऊ जणींना तारीख मिळाली की इथे कळवा.